मेंढ्या हाकणारा कुत्रा घरात आणताना

बॉर्डर कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, कॅटल डॉग, कॉर्गी, जर्मन शेफर्ड ही सगळी मंडळी एकाच कामासाठी घडली: जनावरांचा कळप हाकायचा, वळवायचा, विस्कटला की गोळा करायचा. दिसायला देखणी, शिकवलेलं पटकन उचलणारी, सदा माणसाच्या मागे मागे. त्यामुळे पहिल्यांदाच कुत्रा पाळायला निघालेलं घर हमखास यांच्यावर भाळतं. पिल्लू आठ-दहा महिन्यांचं झालं की सूर बदलतो. मुलांच्या टाचांना दात लावतो, सायकलवर झेपावतो, सोफा फाडतो, दोन तास फिरवून आणलं तरी बसत नाही, अशा तक्रारी सुरू होतात.

नवे लोक पहिल्यांदा विचारतात, "रोज किती चालवावं लागेल?" माझ्या मते त्याआधी हे विचारा: याच्या डोक्याला रोज काम कोण देणार, आणि काम संपलं की गप्प पडून राहायला त्याला कोण शिकवणार? चालवणं त्यामानानं सोपं आहे.

१. हाकणं म्हणजे काय, ते आधी समजून घ्या

शिकारी प्राण्याच्या शिकारीचे टप्पे ठरलेले असतात. सावज हेरायचं, नजर रोखायची, दबकत जवळ सरकायचं, पाठलाग करायचा, पकडायचं, मारायचं. हाकणाऱ्या कुत्र्यांत माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून सुरुवातीचे टप्पे वाढवले आणि शेवटचे दाबले. कळप वळवणारा कुत्रा बघायला कितीही शहाणा वाटला, तरी तो जे करतो ती मुळात अर्ध्यावर अडवलेली शिकार आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची निम्मी कोडी सुटतात.

कोणत्या जातीत कोणता टप्पा ठळक, यावर तिचा घरातला स्वभाव ठरतो. बॉर्डर कॉली नजरेवर मेंढ्या हलवते. गुरं नुसत्या नजरेला दाद देत नाहीत, म्हणून कॅटल डॉग आणि कॉर्गी यांच्यात टाचेला चावा घेऊन पुढे रेटण्याची खोड मुद्दाम राखली गेली. ऑस्ट्रेलियन केल्पी गर्दीत अडकलेल्या मेंढ्यांच्या पाठीवरून चालत पलीकडे जाते.

हे सगळं दिवाणखान्यात कसं दिसतं ते सांगतो. मूल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत धावतं. कुत्रा डोकं खांद्यांच्या रेषेखाली आणतो, शेपूट खाली, पुढचा एक पाय हवेत थबकलेला, डोळे मुलावर खिळलेले, पापणी हलत नाही. मग सरळ मागे न लागता तो बाजूनं कमान घेऊन पुढे येतो आणि वाट अडवतो. मूल दचकून किंचाळतं आणि आणखी जोरात पळतं. कुत्र्याच्या लेखी कळप फुटला! मग पँटचा काठ किंवा टाच तोंडात येते. मोठी माणसं पहिल्या वेळी हसतात, व्हिडिओ काढतात. कुत्र्याच्या मनात राग नसतो हे खरं, पण दात खरे असतात. शिवाय प्रत्येक यशस्वी पाठलागानं ती सवय पक्की होत जाते. मुलाच्या जागी सायकल, मोटार, धावायला निघालेला शेजारी, भिंतीवरचा कवडसा, काहीही चालतं. हलणारी वस्तू म्हणजे काम.

याच नावाखाली कधी कधी ग्रेट पिरेनीज, मरेमा, अॅनाटोलियन शेफर्ड या जातीही खपवल्या जातात. त्या कळप हाकणाऱ्या नव्हेत, लांडग्यांपासून राखणाऱ्या. कळपातच राहायचं, मालकाला न विचारता निर्णय घ्यायचा, अनोळखी माणसाला थारा द्यायचा नाही, असा त्यांचा पिंड. त्यांचं गणित वेगळं आहे आणि या लेखात ते नाही.

२. घराचा वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा

कुत्रा आणताना प्रत्येक जण स्वतःचा चांगला दिवस धरून हिशेब करतो. पहाटे उठू, टेकडीवर जाऊ, सुट्टीत समुद्रावर नेऊ. हिशेब उलट करा. घरात एकाला ताप, बाहेर पाऊस, दुसऱ्याला कामावरून यायला उशीर, मुलांची परीक्षा. त्या दिवशी या कुत्र्याला कोण बाहेर नेईल आणि घरात त्याला वीस मिनिटं कोण गुंतवेल? नाव आलं पाहिजे. "आपण सगळे मिळून बघू" हे उत्तर म्हणजे घरातली एकच व्यक्ती सगळं करणार, आणि बहुधा ती आत्ताच गृहीत धरली गेली आहे.

जोमदार जातीच्या तरुण कुत्र्यासाठी दिवसाला दीड-दोन तास मोकळे हवेत. त्यात दोनदा बाहेर जाणं आलं, आणि पाच-दहा मिनिटांचे शिकवणीचे तीन-चार तुकडे आले. दिवसभर घर रिकामं राहत असेल तर ही जात नको. मोठं अंगण असल्यानं काही फरक पडत नाही. अंगणात एकटा सोडलेला कॉली व्यायाम करत नाही, कुंपणालगत येरझाऱ्या घालतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतो. याउलट फ्लॅटमध्ये नीट वाढलेले कॉली असतात, कारण त्यांना बाहेर नेण्यावाचून घरच्यांपुढे पर्याय नसतो.

घरात पाच-सहा वर्षांपेक्षा लहान मुलं असतील तर माझा सल्ला स्पष्ट आहे: अगदी जोमदार जाती आत्ता नकोत. रांगणारं-धडपडणारं मूल आणि हाकणारं पिल्लू दोघांवर एकाच वेळी नजर ठेवणं एका माणसाचं काम नाही.

केसांचंही बोलून टाकू. यांची फर दुहेरी असते, वर्षातून एक-दोनदा आतली लव गोळ्यागोळ्यांनी गळते आणि एरवीही थोडी गळतच राहते. उन्हाळा आला म्हणून फर भादरू नये. ऊन आणि उष्णता अडवायला तिचाच उपयोग होतो, आणि भादरल्यावर ती कधी कधी नीट परत येत नाही.

आणि सोबत १२ ते १५ वर्षांची धरा. ब्लूई नावाचा ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग १९१० ते १९३९ असा २९ वर्षं जगल्याची नोंद आहे. तो अपवाद, पण ही जात चिवट आहे एवढं त्यावरून कळावं.

३. जातींची ओळख, माझ्या पसंतीसह

बॉर्डर कॉली. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची. वजन साधारण १४ ते २० किलो. आजच्या कॉलींचा मूळपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो ओल्ड हेम्प १८९३ मध्ये नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मला. त्याच्या शांत, नजरेनं काम करण्याच्या पद्धतीमुळे मेंढपाळ त्याच्या पिल्लांच्या मागे लागले. कॉली "सगळ्यात हुशार कुत्रा" म्हणून गाजते आणि घोळ तिथंच होतो. चेझर नावाच्या कॉलीला १,०२२ खेळण्यांची नावं येत होती, २०११ मध्ये त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. मात्र तिला शिकवणारे जॉन पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते आणि ते रोज चार-पाच तास तिला देत होते. हुशार कुत्रा आयता हुशार असतो असं समजू नका. ती हुशारी कशात वापरायची हे तुम्ही नाही ठरवलं, तर तो फ्रिज कसा उघडतो ते आधी शिकेल. पहिला कुत्रा म्हणून कॉली मी फक्त अशाच घराला सुचवेन, जिथं निदान एकाला कुत्रा शिकवण्याचा मनापासून छंद लागणार आहे.

ऑस्ट्रेलियन शेफर्ड. नावात ऑस्ट्रेलिया असला तरी ही जात घडली अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या रँचांवर. कॉलीपेक्षा थोडा दणकट, नर २५ ते २९ किलोपर्यंत जातो. नजर कमी, अंगानं ढकलणं जास्त. घरच्यांना चिकटून राहतो, परक्यांशी जरा राखून वागतो. लहानपणी माणसं दाखवली नाहीत तर तो राखून वागणं सोडून भुंकण्यावर येतो.

ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग. याच्या रक्तात डिंगो, म्हणजे ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा, आहे. सहनशक्ती अफाट, मान एकाच माणसाला देण्याकडे कल, टाच धरण्यात सगळ्यांत पुढे. लहान मुलांच्या घरात नको.

कॉर्गी. आखूड पाय आणि हसरा चेहरा बघून लोक याला मांडीवरचा कुत्रा समजतात. हा गुरं हाकणारा कुत्रा आहे, आवाज मोठा आणि मतं ठाम. व्यायामाची भूक कॉलीइतकी नसते, त्यामुळे मध्यम धावपळीच्या घराला जमून जातो. लांब पाठीमुळे मणक्याच्या चकतीचा त्रास होऊ शकतो. वजन वाढू देऊ नका आणि पलंगावरून उड्या मारायला देऊ नका.

जर्मन शेफर्ड. माक्स फॉन श्टेफानित्स यांनी १८९९ मध्ये या जातीची संघटना उभी केली. तेव्हापासून मेंढ्यांकडून पोलिस, सैन्य, अंधांचा वाटाड्या असा याचा प्रवास झाला. पहिल्यांदा कुत्रा पाळणाऱ्याला जमतो, पण आईबाप स्वभावानं स्थिर असतील तरच. भित्रा जर्मन शेफर्ड घरात ठेवणं जोखमीचं.

बेल्जियन मॅलिनॉय. पहिला कुत्रा म्हणून नको. इतकंच.

रफ कॉली आणि शेटलंड शीपडॉग ऊर्फ शेल्टी. मला विचाराल तर बहुतेक नवख्या घरांनी आधी या दोघांकडे बघावं. हाकण्याची ऊर्मी आहे पण सौम्य, मुलांशी मऊ, शिकायला उत्सुक, दिवसाला तासभर चालणं आणि थोडी शिकवण यांत समाधानी. शेल्टी भुंकतो, पुष्कळ भुंकतो. शेजाऱ्यांची भिंत लागून असेल तर हा विचार आधी करा. दोघांचेही केस आठवड्यातून दोनदा नीट विंचरावे लागतात, कानामागे आणि काखेत आधी गाठी होतात.

बिअर्डेड कॉली, ओल्ड इंग्लिश शीपडॉग, पुली याही याच गोतावळ्यातल्या. स्वभाव आनंदी, पण केसांची निगा हा रोजचा धंदा होतो.

४. जात ठरली, आता घराणं बघा

एकाच जातीत दोन वेगळी घराणी असतात आणि नवख्यांना हे कोणी सांगत नाही. वेल्समधल्या बाला इथं १८७३ मध्ये ब्रिटनमधली पहिली शीपडॉग ट्रायल, म्हणजे मेंढ्या हाकणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा, झाली आणि १९०६ मध्ये इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटी स्थापन झाली. तिच्या परंपरेत कुत्रा निवडताना त्याचं काम बघितलं जातं, रूप नाही. दुसरीकडे डॉग शोच्या रिंगणासाठी केलेली पैदास. तिथं बांधा, फर आणि गर्दीत शांत उभं राहणं यांना महत्त्व येतं. वर्किंग लाइन आणि शो लाइन म्हणतात ते हेच. घरासाठी बहुधा शो लाइनचा किंवा मुद्दाम शांत स्वभावासाठी निवडलेल्या जोडीचा कुत्रा बरा. आईबापांनी ट्रायल्स गाजवल्या आहेत असं ब्रीडर, म्हणजे पैदास करणारा, अभिमानानं सांगत असेल, तर कौतुक करा आणि दुसरं घराणं शोधा.

५. आरोग्याचे कागद मागा

इथं भिडस्तपणा नको. चांगल्या ब्रीडरला हे प्रश्न आवडतात, नको असलेला चिडतो.

पहिली गोष्ट एमडीआर१. हा एका जनुकातला दोष, २००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत उलगडला. काही औषधं मेंदूत शिरू न देणारा पंप या कुत्र्यांत काम करत नाही, त्यामुळे एरवी निर्धोक असलेला डोसही विषारी ठरतो. त्या विद्यापीठाच्या आकड्यांनुसार रफ कॉलींपैकी सुमारे ७० टक्के, ऑस्ट्रेलियन शेफर्डपैकी सुमारे ५० टक्के, शेल्टींपैकी सुमारे १५ टक्के आणि जर्मन शेफर्डपैकी सुमारे १० टक्के कुत्र्यांत हा दोष आढळतो. बॉर्डर कॉलीत तो क्वचित. मोठ्या डोसमधलं आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध आणि काही केमोथेरपीची औषधं ही ठळक नावं. आणखी एक नाव घरातच सापडतं: माणसांच्या जुलाबावरची लोपेरमाइडची गोळी. पोट बिघडलं म्हणून कुत्र्याला ती आपल्या मनानं देणं या जातींत जिवावर बेतू शकतं. हार्टवर्म (हृदयातले जंत) टाळण्यासाठीचा आयव्हरमेक्टिनचा ठरलेला डोस बराच लहान असतो आणि तो या कुत्र्यांनाही चालतो, तरी पशुवैद्याला विचारूनच द्या. गालाच्या आतून स्वॅब घेऊन चाचणी होते, एकदाच करायची आणि निकाल कुत्र्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावून ठेवायचा.

दुसरी मर्ल रंगाची. निळसर-करड्या अंगावर काळे ओघळ, कधी एक डोळा निळा, असा हा देखणा रंग. पण आई आणि बाप दोघंही मर्ल असतील तर प्रत्येक पिल्लाला दोन्हीकडून ते जनुक मिळण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा डबल मर्ल पिल्लांत बहिरेपण आणि डोळ्यांचे दोष फार आढळतात. बरीच पिल्लं जवळजवळ पांढरी असतात आणि "दुर्मिळ रंग" म्हणून जास्त किमतीला विकली जातात. आईबाप दोघंही मर्ल दिसले की तिथून निघा.

बाकी थोडक्यात. मागच्या पायांच्या खुब्याचा दोष, म्हणजे हिप डिसप्लेशिया, जर्मन शेफर्डमध्ये विशेष. आईबापांच्या एक्स-रेचा निकाल मागा. अमेरिकेतल्या ओएफए या प्राण्यांच्या हाडासांध्यांचे दोष तपासणाऱ्या संस्थेचं अंतिम प्रमाणपत्र २४ महिन्यांच्या आधी मिळत नाही, त्यामुळे वर्षाच्या कुत्रीचं वेत असेल तर तसा कागद असूच शकत नाही. कॉली आय अॅनॉमली हा डोळ्याचा दोष पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं असतानाच तज्ज्ञाला दिसतो. बॉर्डर कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये फिट्स येणारी घराणी आहेत. त्याची चाचणी नाही, म्हणून सरळ विचारा.

६. पिल्लू बघायला जाताना

आई दिसलीच पाहिजे. ती अनोळखी माणसाकडे कशी बघते, तुम्ही खाली बसल्यावर जवळ येते का, दाराचा आवाज झाला की किती वेळानं शांत होते, एवढं नीट पाहिलंत तरी पुष्कळ कळतं. "आई आजारी आहे, दुसरीकडे आहे" असं ऐकलं तर पिल्लू मांडीवर घेऊच नका. एकदा घेतलंत की परत ठेववत नाही, विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत घरी आणू नये. वेतातलं सगळ्यात आधी उडी मारून येणारं पिल्लू "यानंच आम्हाला निवडलं" म्हणून उचलतात. ते बहुधा सगळ्यांत धीट आणि अवखळ असतं. कोपऱ्यात दबून बसलेल्याची कीव येते, पण भित्रेपणा सांभाळायला अनुभव लागतो. मधलं बघा. एका भेटीतल्या चाचण्यांवर फार विसंबू नका. पिल्लांना रोज बघणाऱ्या ब्रीडरला घराची खरी परिस्थिती सांगा आणि त्याचं ऐका.

पिल्लूच हवं असाही हट्ट नको. दोन-तीन वर्षांचा कुत्रा रेस्क्यूतून, म्हणजे बेवारस कुत्रे सांभाळणाऱ्या संस्थेतून, घेतला तर त्याचा स्वभाव, आकार, मुलांशी आणि वाहनांशी वागणं समोर दिसतं. तात्पुरत्या घरी राहिलेला असेल तर त्या माणसाला विचारा: घरात कोणी काही करत नसताना तो काय करतो? "झोपतो" हे उत्तर सोन्यासारखं.

७. पहिल्या वर्षात काय शिकवायचं

पहिलं, स्वस्थ पडणं. पिल्लाला दिवसाला १८ ते २० तास झोप लागते आणि ही पिल्लं ती आपणहून घेत नाहीत. दमलेलं पिल्लू झोपाळू दिसत नाही, उलट जास्त चावरं आणि वेडंपिसं होतं. तासभर जागं राहिलं की क्रेटमध्ये (कुत्र्याच्या पिंजऱ्यात) किंवा जाळीमागे शांत जागी झोपवा. एक चटई ठरवा. पिल्लू आपणहून तिच्यावर आडवं झालं, कोपर टेकलं, एका कुल्ल्यावर कललं, की बोलू नका, हात फिरवू नका, खाऊचा दाणा अलगद पंजांमध्ये ठेवा. उभं राहिलं तर काही नाही. दिवसातून चार-पाचदा, दोन-दोन मिनिटं. महिन्याभरात तुम्ही पुस्तक घेऊन बसलात की ते चटईकडे जायला लागतं. मोठा कुत्रा दिवसाचे १२-१४ तास झोपायला हवा, त्याचा पाया हाच.

दुसरं, जगाची ओळख. साधारण १४ आठवड्यांपर्यंतचा काळ मोलाचा. वाहनं, छत्र्या, चाकाच्या खुर्च्या, रडणारी मुलं हे सगळं लांबून, खाऊ खात खात दाखवा. लसीकरण पूर्ण होईतो उचलून न्या.

तिसरं, पाठलागाची ऊर्मी वळवणं. सायकल दिसली आणि पिल्लाचं डोकं खाली जाऊ लागलं, त्या क्षणी, झेप घेण्याआधी, नाव घ्या. मान वळली की खाऊ. झेप घेतल्यावर ओरडण्याचा उपयोग नाही, तोवर त्याला त्याचं बक्षीस मिळालेलं असतं. हे जमेपर्यंत लांब दोरी सोडू नका. मुलांनाही एक नियम शिकवा: कुत्रा मागे लागला की झाडासारखं उभं राहायचं, हात जवळ, तोंड बंद.

लेझरच्या लाल ठिपक्याशी खेळणं अजिबात नको. तो कधी पकडता येत नाही. या जातींत कवडसे आणि सावल्यांमागे दिवसभर लागण्याचं वेड जडू शकतं, आणि ते जडल्यावर घालवायला पशुवैद्यकीय मदत लागते. अर्धा अर्धा तास चेंडू फेकणंही मला पसंत नाही. कुत्रा दमतो, पण डोकं शांत होण्याऐवजी पेटून उठतं, आणि दर आठवड्याला आणखी दहा मिनिटं मागतं. तोच चेंडू गवतात लपवून नाकानं शोधायला लावा. खाण्याची अर्धी वाटी खोल्यांमध्ये दडवा. खेळण्यांची नावं शिकवा. सांधे भरेपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्षापर्यंत, उंच उड्या आणि सायकलसोबत लांब धावणं टाळा.

त्यानंतर अॅजिलिटी (अडथळे पार करण्याचा खेळ), नोजवर्क (वासानं वस्तू शोधण्याचा खेळ), किंवा मेंढ्यांऐवजी मोठे फुगीर चेंडू गोलात हाकायला लावणारा ट्राइबबॉल, जे जवळ असेल ते बघा. आठवड्यातून एकदा पुरे. प्रशिक्षक निवडताना आधी त्याचा एक वर्ग कुत्र्याविना जाऊन बघा. झटके देणारे पट्टे वापरणारा असेल तर परत फिरा; या कुत्र्यांना मालकाचा चढलेला आवाजसुद्धा बराच काळ लक्षात राहतो.